पंचाला डॉक्टर व्हायला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आपल्या क्रीडा पानावर एका व्यावसायिक फुटबॉल लीग सामन्याचं वृत्त आलं होतं. एका गोलने पुढे असलेल्या संघाने शेवटची वीस मिनिटं ‘अनुभवाच्या जोरावर काढली’, असं त्यात लिहिलं होतं. तो सामना मी शेवटपर्यंत पाहिला. त्या वीस मिनिटांत गोलरक्षक दोनदा खाली बसला. डावा बचावपटू पोटरी धरून आडवा झाला, उपचार घेऊन रेषेबाहेर गेला आणि तिथे पाय टेकतो न टेकतो तोच आत यायला हात वर करून उभा राहिला. बदली होणाऱ्या खेळाडूने जवळच्या रेषेने बाहेर पडायचं असतं, पण हा गडी चौघांशी हस्तांदोलन करत, मोजे सावरत, रमतगमत निघाला. मी घड्याळ लावून बसलो होतो. चेंडू जेमतेम निम्मा वेळ खेळात होता. दुखण्याचं सोंग करून वेळ काढण्याला अनुभव म्हणायला माझी हरकत आहे, म्हणून हे पत्र.

मी बावीस वर्षं फुटबॉलचा पंच होतो. मोठ्या लीगचा नाही. वयोगटाच्या स्पर्धा, कंपन्यांचे संघ, क्लबांचे सामने, एवढाच माझा पल्ला. पण टीव्हीवर रात्री जे दिसतं ते सकाळी मुलांच्या मैदानावर उतरतं, हे माझ्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल.

एक प्रसंग सांगतो. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत तो मी घरात सोडून कुठे बोललेलो नाही.

सतरा वर्षांखालील मुलांचा उपांत्य सामना. एक संघ 1-0 ने पुढे. त्यांचा अकरा नंबरचा पोरगा डाव्या बाजूने खेळत होता, पायात विलक्षण चपळाई. उत्तरार्धात तो दोनदा पडला. पहिल्यांदा नडगी धरून लोळला. शिनगार्डवर साधा ओरखडाही नव्हता आणि दोन मिनिटांनी तो हरणासारखा पळत होता. दुसऱ्यांदा तो उठायला लागला, तेव्हा बाहेरून त्याच्या प्रशिक्षकाचा दबका आवाज मी स्वतः ऐकला, ‘‘खालीच राहा, खालीच राहा.’’ पोरगा पुन्हा आडवा झाला. मी दोन्ही वेळा खेळ थांबवला, दोन्ही वेळा पिशवी घेऊन माणूस आत आला, पाणी मारलं आणि गेला.

तिसऱ्यांदा तो मध्यरेषेजवळ पडला. आसपास कुणी नव्हतं. पाय जमिनीत रोवून वळायला गेला आणि खाली बसला. मी सात-आठ पावलांवर होतो. जवळ जाऊन मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, ‘‘ऊठ. पुरे झालं आता.’’ तो उठला नाही. मी पुन्हा म्हणालो, जरा चढ्या आवाजात. तेव्हा लक्षात आलं की हा पोरगा लोळत नाहीये. ओरडतही नाहीये. एक हात गुडघ्यामागे, आणि दुसऱ्या हाताने त्याने मूठभर गवत मुळासकट उपटलं होतं. ओठावर घाम आला होता, तोंडाचा रंग गेला होता. त्याच्या जोडीदाराने मला हळूच सांगितलं, ‘‘सर, मोडल्यासारखा आवाज आला.’’

मी हात वर करून स्ट्रेचर मागवलं. तोपर्यंत अर्धं-पाऊण मिनिट गेलं होतं. नंतर कळलं, गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट पूर्ण फाटलं होतं. माझ्या उशिराने इजा वाढली नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण स्ट्रेचरवर घेताना त्या मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेलो नाही. त्याचं खरं दुखणं मी खोटं धरलं होतं. आणि ते खोटं धरायला मला त्याच्याच प्रशिक्षकाने तासाभरात शिकवलं होतं.

माझं म्हणणं सगळं या प्रसंगात आहे. खोट्या दुखापतींची चर्चा निघाली की लोक वाया गेलेल्या मिनिटांबद्दल बोलतात. मिनिटं परत देता येतात. पडलेल्या माणसावरचा विश्वास तसा देता येत नाही.

आता नियम काय सांगतो ते पाहा. इजा गंभीर वाटली तर पंचाने खेळ थांबवायचा, किरकोळ वाटली तर चालू ठेवायचा. ‘वाटली तर’. पंच वैद्य नाही. तो दमलेला असतो, वीस मीटरवर असतो, कानावर हजारो लोकांचा आरडाओरडा असतो, आणि दोन सेकंदांत ठरवायचं असतं. 12 जून 2021 ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियान एरिक्सन कोसळला तेव्हा त्याला कुणाचा धक्काही लागला नव्हता. थ्रो-इनचा चेंडू त्याच्याकडे आला आणि तो तोंडावर पडला. त्याचं हृदय थांबलं होतं. पंच अँथनी टेलर यांनी क्षणात खेळ थांबवून डॉक्टरांना आत बोलावलं. ते दृश्य पाहताना मला अकरा नंबरचा पोरगा आठवला आणि मनात आलं, त्या संघातले दोघे-तिघे आधीच खोटे पडले असते आणि शिट्टी माझ्या तोंडात असती, तर मी इतक्या लगेच वाजवली असती का? छातीवर हात ठेवून मी ‘हो’ म्हणू शकत नाही.

म्हणून मी म्हणतो, सोंग ओळखण्याचं काम पंचाच्या गळ्यात घालू नका. सोंग ओळखता येतंच असं नाही. सोंग करून काही हाती लागत नाही अशी व्यवस्था मात्र करता येते.

हाती काय लागतं, हे जरा नीट समजून घेतलं पाहिजे, कारण इथेच बहुतेक उपाय फसतात. सामना नव्वद मिनिटांचा म्हणतात, पण त्यातला प्रत्यक्ष खेळ एका तासाहूनही कमी भरतो. 2017 मध्ये नियम ठरवणाऱ्या इफाबने चर्चेसाठी एक मसुदा काढला होता. चेंडू बाहेर गेला की घड्याळ बंद करावं आणि तीस-तीस मिनिटांचे दोन डाव खेळवावेत, अशी एक कल्पना त्यात होती. फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच जणांच्या छोट्या मैदानावरच्या फुटबॉलमध्ये, घड्याळ थांबवूनच वीस-वीस मिनिटं खेळतात. 2022 च्या विश्वचषकात वेगळा मार्ग निवडला गेला. पिएरलुइजी कोलिना यांच्या फिफा पंच समितीने वाया गेलेला वेळ काटेकोर मोजून परत द्यायला सांगितलं. इंग्लंड-इराण सामन्याच्या पूर्वार्धातच 14 मिनिटं वाढवून मिळाली, आणि उत्तरार्धात इराणचा दुसरा गोल 90 नंतरच्या तेराव्या मिनिटाला झाला.

त्या सामन्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहून जाते. पूर्वार्धातली बरीच मिनिटं इराणचा गोलरक्षक बेरनवंद याच्या दुखापतीत गेली होती, आणि ती दुखापत शंभर टक्के खरी होती. स्वतःच्याच बचावपटूच्या डोक्यावर त्याचं नाक-तोंड आपटलं. बराच वेळ उपचार झाले, तो पुन्हा उभा राहिला, थोडा खेळला आणि मग स्वतःच खाली बसला. त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्याला मुळात पुन्हा खेळू द्यायलाच नको होतं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला घाई करायची नसते. घड्याळ कितीही काटेकोर चालवा, हे त्यातून सुटत नाही.

आणि भरपाईच्या वेळेने मिनिटं मिळाली तरी लय मिळत नाही. ज्याने कधी सामना खेळला आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. एक संघ सलग चार-पाच हल्ले चढवतो, समोरचा बचाव मोडकळीला येतो, पुढचा चेंडू जाळ्यात जाणार असं सगळ्यांना जाणवायला लागतं, आणि नेमका तेव्हा एकजण पडतो. दोन मिनिटं थांबायचं. बचावपटू श्वास घेतात, जागा ठरवतात, कोण कुणाला अडवणार ते पुन्हा बोलून घेतात. खेळ सुरू होतो तेव्हा तो वेगळाच सामना असतो. ती दोन मिनिटं शेवटी जोडून दिली म्हणून तो हल्ला परत येत नाही. घड्याळ थांबवण्याच्या कल्पनेबद्दलही माझी हीच अडचण आहे. सेकंद वाचतील, पण पडून खेळ तोडण्याचा फायदा जसाच्या तसा राहील. उलट घड्याळ थांबलेलंच आहे म्हटल्यावर पडायला जास्तच मोकळीक.

यात सर्वात वाईट प्रकार गोलरक्षकांचा झाला आहे. मैदानात उपचार घेतलेल्या खेळाडूने बाहेर जावं असा नियम आहे, पण गोलरक्षकाला त्यातून सूट आहे. ती बरोबरच आहे, गोल मोकळा ठेवून कोण खेळणार? या सुटीचा वापर आता कसा होतो तो पाहा. संघ दबावाखाली आला की गोलरक्षक चेंडू बाहेर टाकतो, गुडघ्यावर बसतो आणि हातमोजा वर करतो. फिजिओ येईपर्यंत बाकीचे दहाजण प्रशिक्षकाभोवती गोळा झालेले असतात. बाटल्या फिरतात, फळ्यावर बाण काढले जातात, दोन मिनिटं सूचना चालतात. सूचना संपल्या की गोलरक्षकाचं दुखणंही थांबतं. मी एकदा फक्त फिजिओचे हात पाहत बसलो होतो. त्याने पिशवीची चेनसुद्धा उघडली नाही. तळवा त्या गोलरक्षकाच्या मांडीवर ठेवून तो पूर्ण वेळ आपल्याच बाकाकडे बघत होता, तिकडून खूण कधी येते म्हणून. वैद्यकीय माणसाला अशा कामाला लावलेलं पाहून मला फार वाईट वाटलं. उद्या त्याने खरोखर घाईघाईने हात हलवले तर पंच ते किती गांभीर्याने घेईल?

हे थांबणारच नाही, खेळाचाच भाग आहे, असं म्हणणारे भेटतात. फुटबॉलचा इतिहास त्यांच्या बाजूने नाही. 1990 च्या विश्वचषकात संघ आघाडी घेतली की चेंडू मागे गोलरक्षकाला द्यायचे, तो हातात घ्यायचा, सोडायचा, पुन्हा घ्यायचा. आयर्लंड-इजिप्त सामना 0-0 सुटला आणि त्यात बराच वेळ चेंडू आयर्लंडच्या गोलरक्षकापाशीच घुटमळत होता. 1992 मध्ये नियम आला की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलरक्षकाने हाताने उचलायचा नाही. सवयी बदलायला थोडा काळ गेला, पण बदलल्या. आज मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं की असंही कधी चालायचं. त्यासाठी कुठल्या पंचाला कुणाच्या मनात शिरावं लागलं नाही.

दुसरं उदाहरण अगदी ताजं. गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवायचा नाही, हा नियम वर्षानुवर्षं पुस्तकात होता आणि मैदानावर नव्हता. कारण शिक्षा फार जड होती, पेनल्टी क्षेत्रात अप्रत्यक्ष फ्री किक. कुठलाही पंच एवढ्याशा कारणासाठी ती द्यायला धजत नसे, मीही बावीस वर्षांत एकदाच दिली. 2012 च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडा-अमेरिका महिलांच्या उपांत्य सामन्यात ती कॅनडाविरुद्ध दिली गेली. त्या फ्री किकवर चेंडू हाताला लागला, पेनल्टी मिळाली, बरोबरी झाली आणि जादा वेळेत कॅनडा 4-3 ने हरली. नियमाप्रमाणे चूक काहीच नव्हतं, तरी अन्याय झाल्यासारखं वाटलं, कारण इतर कुणाला ही शिक्षा होताना दिसतच नव्हती. 2025-26 च्या हंगामापासून सहाचे आठ सेकंद केले, शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो, आणि शिक्षा म्हणून समोरच्याला कॉर्नर मिळतो. शिक्षा हलकी झाली म्हणून ती देता येऊ लागली. पिवळ्या कार्डाचंही तेच आहे. वेळ काढणाऱ्याला साठाव्या मिनिटाला कार्ड दाखवायचं धाडस होत नाही, कारण पुढे त्याच्याच हातून एखादा साधा फाउल झाला तर दुसरं पिवळं म्हणून बाहेर काढावं लागेल. मग आपण दाखवतो अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, जेव्हा त्याचं काम होऊन गेलेलं असतं. हे मी स्वतः किती वेळा केलं आहे ते आठवून सांगतो आहे.

तेव्हा दुखापतींसाठीही असाच नियम हवा, आणि त्याचा नमुना समोर आहे. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये 2024 च्या हंगामापासून, खेळाडू पंधरा सेकंदांपेक्षा जास्त जमिनीवर राहिला आणि वैद्यकीय पथकाला आत यावं लागलं, तर त्याला दोन मिनिटं बाहेर थांबावं लागतं. संघ तेवढा वेळ दहाजणांनी खेळतो. डोक्याची इजा, गोलरक्षक, आणि ज्या फाउलवर समोरच्याला कार्ड मिळालं अशा प्रसंगांना सूट आहे. इंग्लिश प्रीमियर लीगने 2023-24 मध्ये तीस सेकंदांची अट आणली. माझ्या मते तीस सेकंद अपुरे आहेत. तेवढ्यात एखादा थ्रो-इनसुद्धा उरकत नाही. दोन मिनिटं मात्र जाणवतात. आघाडी टिकवायला पडलेला माणूस दोन मिनिटं बाहेर राहिला, तर आघाडीच धोक्यात येते, मग ‘खालीच राहा’ असं ओरडणारा प्रशिक्षकच ‘ऊठ’ म्हणून ओरडेल.

यातली न्याय्य भीती अशी की खरोखर दुखावलेला खेळाडू संघाचं नुकसान नको म्हणून दुखणं लपवेल. ही भीती मला हलकी वाटत नाही. म्हणून डोक्याच्या इजेची सूट निरपवाद असावी. संशय आला की थांबा, वेळेचा हिशोब नको. मेंदूला मार लागलेल्यासाठी वेगळा कायमचा बदली खेळाडू देण्याची सोय आता नियमात आहे, ती सगळ्या स्पर्धांनी घ्यावी. पोटरी, घोटा, मांडी यांबाबत मात्र मी ठाम आहे. खरोखर पोटरीत गोळा आलेल्या खेळाडूला दोन मिनिटं बाहेर थांबून, नीट ताणून घेऊन आत यायला मिळालं, तर त्यात त्याचंही भलंच आहे.

गोलरक्षकासाठी माझी सूचना साधी आहे. त्याच्यावर उपचार चालू असताना बाकीच्या खेळाडूंनी आपापल्या अर्ध्या भागात मैदानातच थांबावं, बाकाजवळ जाऊ नये, पाण्यालाही नाही. तेवढा वेळ दोन्ही प्रशिक्षकांनी गप्प बसायचं. गुडघ्यावर बसून कुणाला काही मिळणारच नसेल तर फक्त ज्यांचा गुडघा दुखतो तेच बसतील.

विश्वास शिल्लक असला की हा खेळ काय करू शकतो, तेही पाहिलेलं आहे. डिसेंबर 2000 मध्ये एव्हर्टन आणि वेस्ट हॅम यांचा सामना 1-1 असा संपत आला होता. एव्हर्टनचा गोलरक्षक पॉल जेरार्ड गुडघा दुखावून पेनल्टी क्षेत्राच्या टोकाला पडला होता. उजवीकडून चेंडू वेस्ट हॅमच्या पाओलो दी कानिओकडे आला. समोर गोलरक्षक नाही, सामना जिंकून देणारा गोल करायची संधी. त्याने चेंडू हातात धरला आणि पडलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. एव्हर्टनचे पाठीराखे उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढे फिफाने त्याला फेअर प्ले पुरस्कार दिला. आज त्याच जागी उभ्या असलेल्या आघाडीपटूच्या मनात पहिला विचार कोणता येईल? पडलेला माणूस खरंच पडला आहे का, हाच. त्या आघाडीपटूला मी दोष देत नाही. मी सतरा वर्षांच्या मुलाबाबत तोच विचार केला होता.

संपादक महोदय, आपल्या क्रीडा विभागाला माझी एक विनंती आहे. सामन्याच्या वृत्तात ताबा किती टक्के, कॉर्नर किती, फटके किती, हे आकडे आपण छापता. त्याच चौकटीत चेंडू प्रत्यक्ष किती मिनिटं खेळात होता, हाही आकडा मिळेल तेव्हा छापा. आणि पडून वेळ काढणाऱ्या संघासाठी ‘अनुभव’, ‘हुशारी’, ‘परिपक्व खेळ’ हे शब्द वापरणं बंद करा. त्या अकरा नंबरच्या मुलाचा प्रशिक्षक सामन्यानंतर मला म्हणाला होता, ‘‘सर, पेपरवाले यालाच मॅच मॅनेजमेंट म्हणतात.’’ तेव्हा पोरगा दवाखान्यात पोचलासुद्धा नव्हता.

आपला,
एक निवृत्त फुटबॉल पंच